अळणी सुभेदार

पंगतीत वाढपी जवळ आला की माणसं ‘पुरे, पुरे’ म्हणतात आणि हात मात्र पानापासून बेताच्या अंतरावर धरतात, म्हणजे वाढायचं ते वाढून होतं आणि नको म्हटल्याचं पुण्यही पदरात पडतं. सुभेदार हैबतराव तसले नव्हते. तुपाची पळी त्यांच्या पानावर आली रे आली की ते दोन्ही हातांनी पान झाकत आणि ‘हॉल्ट!’ अशी आरोळी ठोकत. आमच्या हेडमास्तरांच्या मुलीच्या लग्नात ही आरोळी ऐकून एका वाढप्याच्या हातातलं भांडंच सुटलं आणि सगळं तूप नवरदेवाच्या मामांच्या धोतरावर गेलं. मामा तांबडेलाल झाले. सुभेदार शांतपणे म्हणाले, “धोतरावर पडलं त्ये बरं झालं पाव्हणं. पोटात गेलं असतं, तर काळजावर पडलं असतं.”

मग त्यांनी पिशवीतून आपला फौजी डबा काढला. त्यात दोन ज्वारीच्या भाकरी आणि अळणी दोडका. निम्मा ऐवज त्यांनी बायकांच्या पंगतीत बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, पाठवून दिला. लग्नाच्या मांडवात, जिलबीच्या राशीसमोर, नवराबायको दोघंही मिठाशिवाय दोडका खात बसले.

मी त्या वेळी साताऱ्यात मास्तरकी करत होतो आणि सदरबझारात सुभेदारांच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो. लढाई चालू होती. साखर रेशनवर, रॉकेल रेशनवर. मीठ तेवढं मिळत होतं, तर शेजारच्या घरात नेमकं तेच वर्ज्य! याच मिठापायी गावातली काही माणसं मागं तुरुंगात जाऊन आली होती. त्यांतल्या एका गृहस्थांनी सुभेदारांना डिवचलं, “जन्मभर सरकारचं मीठ खाल्लंत, आता पचेना होय?”

“त्ये मीठ चालू हाय की,” सुभेदार म्हणाले. “म्हैन्याच्या म्हैन्याला पेन्सनीत येतंय. घरचं तेवढं बंद केलंय.”

हे सगळं सुरू झालं एका श्रावणात. तोवर सुभेदार आमच्या गल्लीतले सर्वांत धडधाकट म्हातारे होते. पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले, छाती अशी की सदऱ्याचं वरचं बटण कधी लागलेलं मी पाहिलं नाही. सकाळपासून पिंपळाच्या पारावर बाकीच्या पेन्शनर फौजींबरोबर विड्या ओढायच्या, जेवायला घरी यायचं आणि परत पारावर जायचं, असा त्यांचा क्रम. काकी घरात. दळण, पाणी, शेणी, चूल. मी शेजारी राहायला गेल्यापासून वर्षभरात त्या दोघांना एकमेकांशी चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. जेवायला वाढलंय, एवढंच काकी सांगत, तेही बांगड्या वाजवून.

त्या श्रावणात एक दिवस सुभेदार पोवई नाक्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. पेशंटला सोबत हवी म्हणून काकींनाही नेलं होतं. परत येताना काकींना चांगलीच धाप लागली होती, पण चढ चढून आलेल्या बाईला धाप लागायचीच. सुभेदार मात्र ओट्यावर चढले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, “ऐका रं सगळी! आमचं काळीज नादुरुस्त झालंय. डागदरानं सांगितलंय, जपलं तर टिकंल, न्हाई जपलं तर कवा बंद पडंल न्हेम न्हाई. आन आमाला काय एवढ्यात मरायचं न्हाई! आजपास्नं ह्या घरात पेशंटचा हुकूम चालंल!”

आजारी माणूस कुंथतो, कण्हतो, हळू आवाजात बोलतो असा माझा समज होता. हा पेशंट आजारी पडल्यापासून दुप्पट आवाजात बोलू लागला.

पहिला हुकूम मिठावर निघाला, दुसरा तेलातुपावर, आणि तिसऱ्यात विडीचं बंडल उकिरड्यावर गेलं. ते ठीकच होतं. डॉक्टर सांगतात ते ऐकावं. पण सुभेदार तेवढ्यावर थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकींचा मिश्रीचा डबा त्याच उकिरड्यावर भिरकावला. आमच्याकडच्या बायका दातांना भाजलेली तंबाखू लावतात, तीच ही मिश्री. सकाळी ती लावल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही. काकी कधी नव्हे ते दारात येऊन म्हणाल्या, “माझ्या मिश्रीनं तुमच्या काळजाला काय हुतंय?”

“वास येतोय! तमाखूचा वास आला की माझं काळीज उड्या मारतंय. पेशंटचा हुकूम हाय!”

मग जातं बंद झालं. जात्याची घरघर म्हणे सुभेदारांच्या छातीत घुमायची. दळण गिरणीवर जाऊ लागलं. रहाटाच्या कुरकुरीनं त्यांना घाम फुटायचा, म्हणून पाणी भरायला गडी लावला. दुपारी काकींनी भांड्याला भांडं लावलं तरी पेशंटची झोप मोडायची, म्हणून दुपारभर काकींनीही पडून राहायचं. आणि संकष्टी, एकादशी, सोमवार हे सगळे उपास एका झटक्यात बाद. “आजाऱ्याच्या घरात उपाशी मानूस नगं. अपशकून हाय.” हे शास्त्र कुठल्या पोथीत आहे असं मी विचारलं, तर म्हणाले, “माझ्या.”

आमच्या गल्लीचं मत काय झालं असेल ते सांगायला नको. लढाईवर जाऊन आलेला एवढा गडी, आणि मरणाला किती भ्यावा! भ्यावा तर भ्यावा, बायकोच्या तोंडचं मीठ का काढावं? आमच्या घरात तर या विषयावर रोज जेवताना सभा भरायची. “एवढी गुणाची बाई, तिला चिमूटभर मीठ मिळत नाही,” असं म्हणून आमची ही डोळ्यांना पदर लावायची आणि मग माझ्या आमटीत मीठ घालायला विसरायची. एक दिवस तिनं भिंतीवरून काकींना लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली. संध्याकाळी सुभेदार स्वतः बरणी परत घेऊन आले. घासून, पुसून, रिकामी.

“लोणचं लय झ्याक हुतं वैनी,” ते म्हणाले. “गाईला घातलं. फिरून दिलंसा तर बरणीबी मिळायची न्हाई.”

त्या दिवशी आमच्या हिनं सुभेदारांना जे नाव ठेवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पेठेनं ठेवलेलं नाव सभ्य होतं. अळणी सुभेदार.

पण खरा सोहळा औषधाचा. सुभेदारांच्या लोखंडी ट्रंकेत दोन बाटल्या असत. एकीच्या गळ्याला लाल दोरा, ती सुभेदारांची. दुसरीला पांढरा, ती काकींची. कारण आजाऱ्याची शुश्रूषा करायची तर करणाऱ्याच्या अंगात ताकद पाहिजे, म्हणून डॉक्टरांनी काकींनाही ताकदीचे थेंब दिले होते. ट्रंकेची किल्ली सुभेदारांच्या कमरेला. ठरल्या वेळी ते खिडकीपाशी उजेडात उभे राहत, काचेच्या नळीनं एकेक थेंब पेल्यातल्या पाण्यात सोडत, आणि त्या वेळी गल्लीत कुत्रं भुंकलं तरी त्याला शिवी बसे. थेंब चुकला की पेला ओतून द्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. एकदा मी म्हणालो, “सुभेदारसाहेब, एखादा थेंब इकडंतिकडं झाला तर काय बिघडतं?”

“बंदुकीचा घोडा एकांदं बोट इकडंतिकडं दाबला तर काय बिघडतंय?” त्यांनी विचारलं. “मास्तर, ह्ये औशीद कमी झालं तर पाणी, आन जास्ती झालं तर इख. डागदरानं माझ्या डोळ्यांत डोळं घालून सांगितलंय.”

आमच्या भागात औषध म्हणजे प्रसाद. एकाला गुण आला की दहा जण वाटी घेऊन येतात. “सुभेदार, माझ्याबी छातीत जळजळतंय, दोन थेंब द्या की,” म्हणून पारावरचे दोस्त आले, तर त्यांना ते काठी घेऊन मागे लागले. शेजारधर्म सोडला, मीठ सोडलं, आता माणुसकीही सोडली, असं लोक म्हणाले.

संध्याकाळी नवराबायको फिरायला निघत. सपाट रस्त्यानं, गोडोलीच्या तळ्याकडे, अगदी सावकाश. साताऱ्यात त्या काळी नवरा पुढे आणि बायको चार पावलं मागे, अशीच जोडपी दिसत. काकीही पहिल्या दिवशी मागेच राहिल्या. सुभेदार भर रस्त्यात थांबले. “पेशंटला घेरी आली तर तू तितनं झेलनार व्हय? बाजूला चाल. पेशंटचा हुकूम हाय!” काकी लाजून चूर झाल्या, पण बाजूला आल्या. पारावरून कुणीतरी ओरडलं, “तोफेपुढं हुबा ऱ्हायलेला गडी बायकूचा पदर धरून चाललाय रं!”

सुभेदारांनी जागच्या जागी टाच मारून तोंड वळवलं. “व्हय, धरलाय! तुमाला कुनी धरू देत न्हाई, त्येला मी काय करू?”



असं दीड वर्ष उलटलं, आणि माघात जत्रेचं निमंत्रण आलं. सुभेदारांची एकुलती एक लेक हौसा कडेगावच्या पलीकडे एका गावात दिली होती. व्याही तात्याबा मोठे बागायतदार. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ, आणि माणूस दिलदार असला तरी मानाचा भारी भुकेला. त्यांच्या जत्रेत मटणाच्या पंगती उठत आणि पाहुणा हात धुवायला उठेपर्यंत त्याच्या पानात वाढत राहायचं, ही त्या घराची रीत. आदल्या वर्षी सुभेदार गेले नव्हते. त्यावरून हौसाला सासरी वर्षभर टोमणे बसले. या खेपेला तिचा निरोप आला : “आबा, आवंदा आला न्हाईसा तर मला म्हायेर न्हाई असं म्हनतील. आन आलासा तर माझ्या सासऱ्याचं मन मोडू नगा.”

म्हणजे जायचं, मन मोडायचं नाही, आणि मीठही खायचं नाही. सुभेदारांनी रात्रंदिवस विचार केला आणि मला बरोबर घेतलं. “तुमी बोलाय बरं हायसा,” म्हणाले. मटणाचं नाव ऐकून मीही दोन दिवसांची रजा टाकली.

लढाईत पेट्रोल मिळत नसे, त्यामुळे सर्व्हिसच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागं भट्टी, तीत कोळसा, आणि चढ आला की गाडीचा जीव जाई. कऱ्हाड सोडल्यावर एका चढाला गाडी थांबली. कंडक्टर ओरडला, “उतरा समदी, आन ढकला!”

सुभेदार हलले नाहीत. “पेशंट उतरत न्हाई.”

“मग बाईंनी तरी उतरावं.”

“पेशंटजवळ मानूस लागतंय.”

“हे मास्तर बसतील की तुमच्याजवळ.”

“मास्तर ढकलाय आणल्यात,” सुभेदार म्हणाले.

मी ढकलली. सगळा चढ ढकलली. वर पोचेस्तोवर माझंच काळीज तोंडाशी आलं होतं, आणि हे महाशय खिडकीतून ‘जोर लावा!’ म्हणून हुकूम सोडत होते. अशा माणसाचा राग येऊ नये म्हणजे संतच व्हायला हवं.

तात्याबांच्या घरी मी बोलणी केली. सुभेदारांचं काळीज, डॉक्टरांचं सांगणं, सगळं पाल्हाळ लावून सांगितलं. तात्याबांचा चेहरा उतरला. “म्हंजे माझ्या घरात येऊन ते घरचा डबा खानार?” त्यांनी विचारलं. पण हौसा दाराआडून बघत होती. तिच्याकडे पाहून त्यांनी तोही घोट गिळला. “ठीक हाय. आजारी मानसाला काय बोलायचं?”

सांजेला अंगणात पुरुषांची पंगत बसली. पानापानात तांबडाभडक रस्सा. माझ्या डाव्या हाताला सुभेदार, त्यांच्या पुढ्यात तो फौजी डबा. सारी पंगत त्यांच्याकडे बघून एकमेकांना कोपरानं ढोसत होती. ते मान ताठ ठेवून अळणी भाकरी चावत होते. काकींच्या थेंबांची वेळ झाली होती, पण व्याह्याची पंगत सोडून उठणं म्हणजे अपमानावर अपमान. म्हणून त्यांनी पांढऱ्या दोऱ्याची बाटली हौसाच्या हाती दिली आणि पुन:पुन्हा बजावलं, “मोजून घाल बाळ. मोजून.” आणि मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले.

आत विहीणबाईंचा आवाज चढला. बाई मनानं मोठी, हातानं त्याहून मोठी. “आगं हौसे, पाव्हणीला असं नळीनं मोजून द्यायचं व्हय? ह्या घरात दूध मोजत न्हाईत, तूप मोजत न्हाईत, आन औशीद मोजायचं? आन हिकडं ती बाटली!” आणि त्यांनी दुधाच्या वाटीत बाटली चांगली तिरपी केली.

“हॉल्ट!”

या वेळी कुणी हसलं नाही. सुभेदार बसल्या जागेवरून उठले ते समोरच्या माणसाच्या डोक्यावरूनच. एक पान उलटलं, एकाच्या मांडीवर रस्सा सांडला, ओट्याच्या पायऱ्या त्यांनी एका ढांगेत घेतल्या, आणि जिथं व्याह्यानं पाऊल घालायचं नसतं त्या विहिणीच्या स्वयंपाकघरात घुसून काकींच्या ओठाला लागलेली वाटी हाताच्या फटकाऱ्यानं उडवली. वाटी भिंतीवर आपटली. दूध चुलीत गेलं.

मग तात्याबा दारात आले. “आमी काय इख घालत हुतो व्हय तुमच्या बायकूला?”

हो म्हणायला एका शब्दाचं काम होतं. सुभेदारांच्या तोंडाशी तो शब्द आल्यासारखा वाटला. पण ते काकींकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांचा चेहरा पार बदलला. “औशीद माझ्या पैशाचं हाय!” ते ओरडले. “म्हागाचं हाय! माझ्या माघारी कुनी वतलं? असं वाट्याच्या वाट्या पाजाय मी काय कुबेर हाय?”

विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. “बायकूला दोन थेंब जास्ती झालं म्हनून ह्यो बाबा पळत आला! अरं द्येवा, काय ही जात मानसाची!” हौसा भिंतीकडे तोंड करून रडू लागली. आणि तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की हा पेशंट उडी मारून धावत आलाय. “आरं, काळजाचा आजारी हाय त्यो! धरा त्येला!” त्याबरोबर सुभेदारांनाही ते आठवलं, आणि त्यांनी झटकन छाती धरली. काकी चटकन पुढं येऊन, पदर पसरून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. “व्हा बाजूला,” त्या म्हणाल्या. “वारं येऊ द्या.”

चौघांनी त्यांना उचलून सोप्यातल्या बाजेवर निजवलं आणि वारं लागावं म्हणून ते बाहेर झाले. मी सुभेदारांच्या कमरेची किल्ली घेऊन बरोबर आणलेली ट्रंक उघडली आणि लाल दोऱ्याची बाटली काढली. घाईघाईत मी नळी अशी धरली की थेंब न पडता धारच लागली. मी घाबरून पेला ओतायला निघालो, तर सुभेदारांनी तो माझ्या हातातून घेतला आणि घटाघटा पिऊन टाकला.

“अहो, विष आहे ते!”

“घाला आनिक,” ते म्हणाले. “ऱ्हायलेली बाटलीबी द्या. मटणाच्या वासानं तोंडाला पाणी सुटलंय नुसतं.”

मी बाटली नाकाशी नेली. बडीशेपेचा अर्क! पोरांना पोट दुखलं की देतात तो.

सुभेदारांनी मला दार लावायला सांगितलं. दार लावल्यावर उठून बसले. “मास्तर, माझं काळीज घोड्याचं हाय. डागदरानं दोगांनाबी तपासलं. मला म्हनला, तुमी शंभरी गाठता. नादुरुस्त हाय ते हिचं.”

मी बाजेच्या कडेला टेकलो.

“डागदर म्हनला, मीठ बंद, तेलतूप बंद, मिश्री बंद, दळन-पानी बंद, रोज हळूहळू चालायचं, दुपारी पडायचं, आन औशीद थेंबाला थेंब. मी मनात म्हनलं, ह्ये हिला सांगितलं तर ही काय करंल? ‘मला काय धाड भरलीया?’ म्हनंल आन हंडा उचलंल. हौसा झाली तवा तिसऱ्या दिसाला जात्यावर बसलेली बाई ही. बाईमानूस सोताच्या जिवासाठी येगळी भाजी शिजवत न्हाई मास्तर. नवऱ्यासाठी शिजवती, आन त्याच्या मागनं तेच खाती. मग मीच आजारी पडलो. काय करनार?”

“पण लोक तुम्हाला काय काय म्हणतात...”

“म्हनू द्या की! भित्रा म्हनत्यात, कंजूस म्हनत्यात, तुमची मंडळी काय म्हनती त्ये बी भिंतीपल्याड ऐकू येतंय. समदी दुनिया बोंबलली तरी हिचं काळीज चालू हाय न्हवं? डागदर म्हनला हुता दिवाळी दिसनार न्हाई. दिसली. दुसरीबी दिसली. आता माघ चाललाय.” मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. त्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. “पर हौसाचं वाटोळं केलं आज. आन हिला ह्यातलं कायबी कळता कामा नये, मास्तर. कळलं तर धसक्यानंच जाईल ती. आन घ्या.”

“घ्या” म्हणून त्यांनी ट्रंकेच्या तळातून पांढऱ्या दोऱ्याची दुसरी बाटली माझ्या हाती दिली. फौजेतला माणूस, राखीव ठेवल्याशिवाय निघायचा नाही. मी नळी घेऊन दिव्यापाशी उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा इतकं मन लावून काही मोजलं.

सकाळी तात्याबांनी निरोप धाडला. झालं गेलं विसरू, पण व्याह्यांनी पंगतीला बसून रस्सा वरपला पाहिजे, सगळ्यांदेखत. नाहीतर हे घर आणि ते घर तुटलं, आणि हौसानं काय ते समजावं.

सुभेदार बाजेवर बसून राहिले. रस्सा खाल्ला तर त्यांना काही होणार नव्हतं. उलट दीड वर्ष त्याच्यासाठी जीव टाकत होते. पण पेशंटनं एकदा रस्सा वरपला की काकींच्या चुलीवर मीठ परत आलंच. लेकीचं सासर एकीकडे, बायकोचा जीव एकीकडे. त्या दणकट माणसाला मी पहिल्यांदाच हुकूम न सुचलेला पाहिला. मला इतकं भरून आलं की मीच जाऊन तात्याबांच्या पाया पडावं असं वाटलं.

गेल्या त्या काकी. डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्या भरल्या अंगणात, पुरुषमाणसांत जाऊन उभ्या राहिल्या.

“दादा,” त्या तात्याबांना म्हणाल्या, “तुमी मला भन म्हनता न्हवं? मग भनीचं एक ऐका. ह्यांचं काळीज लय हळवं हाय. दिसत न्हाई, पर हाय. मी त्येला जपतीया. कालचं समदं माझ्या पदरात टाका, माझ्या लेकीच्या न्हाई. आन ह्यांना जेवू घालायची हौस असंल, तर मीठतेल न घालता शिजवा. आमी दोगंबी जेवतो.”

बाईनं पुरुषांत तोंड उघडलं म्हणून सगळे माना वर करून बघत होते. तात्याबांनी मिशी ओढली. मग घरात वळून ओरडले, “ऐकलं न्हवं? एक पातेलं बिनमिठाचं चढवा. आन त्यात माझंबी वाढा! व्याही अळणी खानार आन मी खारट, हे कुटलं पाव्हणपण?”

त्या दिवशी तात्याबा सुभेदारांच्या ताटाला ताट लावून बसले. पहिल्या घासाला त्यांनी जे तोंड केलं ते बघून हौसा पदराआड खुदकन हसली आणि सारी पंगत फुटली. सुभेदार मात्र हसले नाहीत. ते दीड वर्षानं मटण खात होते. अळणी का असेना, डोळे मिटून खात होते.

परतीच्या वाटेवर त्याच टेकाडाचा पलीकडच्या अंगाचा चढ, तीच गाडी, तोच कंडक्टर. “उतरा समदी!” तो ओरडला.

“पेशंट उतरणार नाही!” मी गरजलो. “आणि पेशंटजवळ माणूस लागतं. हुकूम आहे!” आणि बिनबोभाट खाली उतरलो.

भट्टी नीट पेटेना. सुभेदारांना राहवेना, तेही उतरले आणि मागं जाऊन ड्रायव्हरला हवा कशी घालायची ते शिकवू लागले. मी काकींच्या खिडकीखाली उभा होतो. काकी हळूच म्हणाल्या, “मास्तर, काल सोप्यात ह्यांनी तुमाला समदं सांगितलं न्हवं?”

मी गडबडलो. “काय? छे, कुठं काय...”

“नगा लपवू. मला पयल्या दिसापास्नं ठावं हाय. डागदर ह्यांच्याशी बोलत हुता तवा मी दाराआड हुते, आन माझा कान तिखट हाय.” त्या गालातल्या गालात हसल्या. “ह्यांना तर आजारी पडायचंबी धड जमत न्हाई. काल छाती धरली ती उजवीकडं. मी म्होरं झाले म्हनून कुनाला दिसलं न्हाई.”

“मग काकी, तुम्ही त्यांना सांगत का नाही? त्या बिचाऱ्यानं किती बोलणी खाल्ली!”

काकींनी मागं भट्टीकडं बघितलं. तिथून आरडाओरडा ऐकू येत होता. “माझं लगीन झालं आन हे फौजेत गेले. हौसा झाली तवाबी फौजेतच हुते. पेन्सनीत आले ते पारावर बसले. एवढा जल्म गेला, माझ्याबरुबर कवा चालले न्हाईत, कवा बसले न्हाईत. आता रोज सांजला चालत्यात. काय बाय बोलत्यात. बायकूसाठी मानूस एवढं करतोय म्हनलं तर लाजतील ते, पुन्यांदा पारावर जातील. सोताच्या काळजासाठी करतोय म्हनत्यात, तर करू द्या.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मिश्री तेवढी लय जड गेली बगा. तुमी बोलू नगा त्यांना.”

मी कबूल केलं. त्यांनाही कबूल केलं होतं, यांनाही केलं. मग उगाच गाडीच्या चाकाकडे बघत राहिलो.

भट्टी पेटली. सुभेदार हात झाडत आले, गाडीत चढले आणि काकींच्या शेजारी बसले. ऊन कलायला लागलं होतं, रानातून माघातलं गार वारं सुटलं होतं. मी गाडीला खांदा लावता लावता खिडकीतून बघितलं. सुभेदारांनी आपल्या अंगावरचं घोंगडं काढलं आणि काकींच्या खांद्यांभोवती नीट लपेटलं.

“थंडी वाजतीया मला,” ते म्हणाले.

“व्हय,” काकी म्हणाल्या, “वाजत असंल.”